पाव किलो तुरटी

माझ्या लग्नाची पत्रिका आजवर एकाच माणसानं परत पाठवली, आणि तीही लाल शिक्का मारून. वधूच्या आडनावातल्या ह्रस्व वेलांटीभोवती लाल गोल होता, 'सायंकाळी' या शब्दापुढे 'नेमकी वेळ?' असा प्रश्न होता, आणि कोपऱ्यात तिरका शिक्का होता : 'त्रुटी'. मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्या पत्रिकेचं प्रूफ मी स्वतः दोनदा वाचलं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही हरकती रास्त होत्या.

हा शिक्का आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क दयाराम पुस्तोडे यांचा. आमच्याकडे कारकुनाला बाबू म्हणतात, म्हणून पुस्तोडे बाबू. मी पत्रिका हातानं दुरुस्त करून पुन्हा दिली, तेव्हा कुठे ते लग्नाला आले. पहिल्या पंगतीला जेवले, अहेराचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि पोच मागितली. मंडपात कागद कुठून आणणार? शेवटी अक्षता गुंडाळून आणलेल्या कागदावर मी 'मिळाले' असं लिहून सही केली.

आमचं कॉलेज म्हणजे अर्जुनी मोरगावात राइस मिलच्या मागे उभी असलेली दोन मजली इमारत. संस्था खाजगी, शाखा दोनच, कला आणि वाणिज्य. बारावीचा निकाल लागला की वर्ग रिकामे राहतील या धास्तीनं आम्ही प्राध्यापक मोटारसायकली काढतो आणि गावोगाव पास झालेली पोरं शोधत हिंडतो. कोणी दोन गावं फिरून एखादं पोर पटवायचं, कौतुकानं ऑफिसात आणून उभं करायचं, आणि बाबूंनी त्याचा अर्ज परत करायचा, असा सगळा प्रकार. फोटो जुना आहे. सही चौकटीबाहेर गेली. उत्पन्नाच्या दाखल्यावर बापाचं नाव आहे, आजोबाचं नाही. आमचे अध्यक्षसाहेब गोंदिया शहरातले, त्यांच्या तोंडून हिंदीच येते. ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "पुस्तोडेजी, अपने को सीटें भरनी हैं कि फॉर्म लौटाने हैं?"

"दोनी, साहेब," बाबू शांतपणे म्हणायचे. "भरूनच तं राहिलो. पन बरोबर भरून राहिलो."

यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. त्यांचं घराणं पूर्वापार तलाव बांधणाऱ्यांचं. "आमच्या आज्याच्या आज्यानं तलाव बांधला जी. हत्ती चालंल एवढी रुंद पाळ. फुटली कायनं? खेकड्याच्या बिळानं! बोट जाते एवढं बीळ. वरतं शिष्यवृत्तीचे अर्ज पाहनारे बसले हायेत ना, थे पानी समजा. बीळ दिसलं का घुसलेच. मंग पोरगं वाहून गेलं का अध्यक्षसाहेब जातील काय काढाले?" त्यांनी तपासून पाठवलेला अर्ज वरून परत आल्याचं मी कधी पाहिलं नाही. माझा रजेचा अर्ज मात्र त्यांच्याच टेबलावरून चार वेळा परत आला आहे, आणि त्यात एकदा तर मी 'विनंती'चीच वेलांटी चुकवली होती.

त्यांची एक सवय मला फार उशिरा उमगली. फीचा आकडा ते पालकाच्या कानाशी वाकून, अगदी हळू सांगत. सवलत मात्र गरजून सांगत. "यायच्या पोरीले पुरी फी माफ हाये! शिष्यवृत्ती हाये!" असा आवाज फुटला की राइस मिलचे हमालसुद्धा माना वळवत. मला वाटायचं, बाबूंना कमी ऐकू येतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "फी आयकून वापस फिरनारा मानूस लाइनीच्या शेवटाले उभा रायते, सर. त्याच्या कानापर्यंत गेलं पायजे."

पण म्हणून कोणाची गय नव्हती. बाहेरगावचं पोर अर्जुनीत खोली करून राहणार असेल, तर आमच्या अर्जात स्थानिक पालकाचं नाव लागतं. पोराच्या वागणुकीची आणि फीची हमी त्या माणसानं घ्यायची. पुढे एक रकाना आहे : 'विद्यार्थी पालकाचा कोण लागतो?' इथल्या एका बड्या किराणा व्यापाऱ्यानं त्यात 'भाचा' असं लिहून दिलं, तर बाबू म्हणाले, "पुरावा?" व्यापारी चिडला. "अरे, सगा भांजा है मेरा! बहन का लडका है!" बाबू म्हणाले, "असन. बहिनीचा जन्माचा दाखला जोडा." हा नियम कुठल्या कायद्यात नव्हता. बाबूंनीच केलेला होता. व्यापारी आठ दिवसांनी दाखला घेऊन आला, तेव्हा बाबूंनी त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

बाबू एकटे राहत. बसस्टँडमागे त्यांची एक खोली होती आणि खोलीत माणसापेक्षा फायली जास्त. लग्न का झालं नाही, याची गोष्ट आमचा शिपाई तुळशीराम रंगवून सांगे : मुलीकडून माहितीचा कागद आला, त्यात उंची लिहायची राहिली होती, बाबूंनी शिक्का मारून तो परत केला, तो पुन्हा आलाच नाही. मी एकदा धीर करून बाबूंनाच विचारलं.

"वेळेत पूर्तता झाली नाई," ते म्हणाले.

हे वाक्य आम्ही स्टाफरूममध्ये वर्षभर पुरवून पुरवून हसलो.

आता मुख्य गोष्ट. 'त्रुटी' हा शब्द आमच्या भागात कोणाच्या तोंडात बसत नाही आणि कानातही नाही. ऐकणाऱ्याला 'तुरटी' ऐकू येतं. पोरं तर त्यांना मागून तुरटीबाबूच म्हणत. दोन वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात, नवेगाव बांधच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावाहून मंगरूजी उईके आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव प्रणाली. आश्रमशाळेतून बारावी झालेली, हुशार, बोलायला कमी. शिष्यवृत्ती मिळाली तर तिला फी जवळजवळ नव्हतीच. नाही मिळाली तर पूर्ण फी भरायची, आणि ती कुठून भरायची हा प्रश्न मंगरूजींनी आल्या आल्या मिटवून टाकला होता. "नाई जमलं तं राहीन जी पोरगी घरीच." प्रणाली हे ऐकताना चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होती. सरकारी पोर्टल शनिवारी बंद होणार होतं आणि तो मंगळवार होता.

बाबूंनी कागद पसरले. जातीच्या दाखल्यावर उईके, गुणपत्रिकेवर उयके, आधार कार्डावर उइके. मी ह्रस्व-दीर्घ शिकवता शिकवता केस पिकवले, एकाही विद्यार्थ्यानं ते मनावर घेतलं नाही. आणि इथे एका वेलांटीवर एका पोरीचं अख्खं कॉलेज अडलं होतं.

बाबूंनी शिक्का मारला. "त्रुटी हाये. परवापर्यंत पूर्तता करून आना, मंग पाहू."

"किती लागन जी?" मंगरूजींनी विचारलं.

बाबूंची मान खाली होती. "एकच हाये. पन पुरी झाली पायजे."

मंगरूजी मान हलवून गेले. गुरुवारी सकाळी ते पुन्हा आले, घामानं भिजलेले, आणि त्यांनी बाबूंच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उलगडून पाहिलं तर तुरटीचा खडा. मुठीत मावणार नाही एवढा, कुठे टवका नाही की भेग नाही.

"एकच आनली जी, पन पुरी हाये," मंगरूजी म्हणाले. "अर्जुनीत फुटलेलीच भेटून राहिली. मंग नवेगाव बांधच्या दुकानातून आनली. पाव किलो भरते. पुरते का?"

पावसाळ्याचे दिवस, नळाला गढूळ पाणी, कॉलेजात एवढी पोरं. प्रवेशाला तुरटी मागितली, यात त्यांना काही नवल वाटलं नव्हतं. ऑफिसात मात्र हशा उसळला. तुळशीराम हसला, संगणकावरचा ऑपरेटर हसला. मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण हसलो. दारात उभी असलेली प्रणाली पुढे आली. तिला सगळं कळलं होतं. "बाबा, थे तुरटी नोहोय..." एवढंच बोलून ती थांबली.

पुस्तोडे बाबू खुर्चीतून उठले. अध्यक्षसाहेब आले तरी हा माणूस अर्धवटच उठतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "काऊन हासून राहिले? गढूळ पानी रोज पेऊन राहिले ना सारे? आनली का कोनी तुरटी आजपावतर?" मग त्यांनी तो खडा दोन्ही हातांनी उचलला.

"पुरते, मंगरूजी," ते म्हणाले. "तुमच्याकडची पूर्तता झाली. आता राह्यलं थे काम माहं हाये."

त्याच दुपारी बाबूंनी रजेचा अर्ज दिला. मी तो डोळ्यांत तेल घालून वाचला, एक चूक सापडली नाही. बापलेकीला घेऊन ते एसटीनं आश्रमशाळेत गेले, जुनं रजिस्टर काढायला लावलं, मुख्याध्यापकांकडून नाव दुरुस्त करून घेतलं, दुसऱ्या दिवशी तहसीलच्या आवारात प्रतिज्ञापत्र केलं. उईके, उयके आणि उइके ही एकच मुलगी आहे, असं सरकारी कागदावर लिहून शनिवारी दुपारी ते ऑफिसात परत आले. ऑपरेटरनं सगळं भरलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली : 'प्रणालीत त्रुटी आहे. नंतर प्रयत्न करा.'

मागे उभ्या असलेल्या पोरीचा चेहरा पांढरा पडला. हे संगणकाबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही, हे तिला कोणी सांगायच्या आधीच बाबू त्या पडद्यावर खेकसले. "प्रणालीत काई त्रुटी नाई! म्या सोता पाह्यले कागद! तुह्यातच असन!"

चौथ्या खेपेला अर्ज गेला. मग राहिला कॉलेजचा अर्ज आणि त्यातला स्थानिक पालकाचा रकाना. गाव लांब, म्हणून प्रणाली इथेच खोली करून राहणार होती, आणि उईके कुटुंबाचं अर्जुनीत ओळखीचं कोणी नव्हतं. मी तेव्हा घरी निघालो होतो. सोमवारी प्रणाली माझ्या तासाला पहिल्या बाकावर दिसली. रकाना कसा भरला, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

तुरटी बाबूंच्या खणात राहिली. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की ते ती काढत, पोरांच्या पाण्याच्या रांजणात चार वेळा फिरवत, रुमालानं पुसून पुन्हा खणात ठेवत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. प्रणाली दोन वर्षं चांगल्या गुणांनी पास झाली. वेलांट्याही बरोबर देते.

यंदा बाबू निवृत्त झाले. प्रवेश समितीचा प्रमुख म्हणून त्यांच्या फायली ताब्यात घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ते खण रिकामा करत होते आणि मी एकेक अर्ज पाहत होतो. सगळ्यात वर तृतीय वर्षाचा, प्रणाली उईकेचा अर्ज. स्थानिक पालक : दयाराम पुस्तोडे. खाली त्यांच्याच रेखीव अक्षरात हमी होती : शिष्यवृत्ती न मिळाल्यास संपूर्ण फी मी भरीन. आणि 'विद्यार्थी पालकाचा कोण लागतो?' हा रकाना कोरा. मी मागच्या दोन वर्षांचे तिचे अर्ज काढले. तसेच. मग तिकडच्याच गावांतल्या आणखी काही मुलींचे अर्ज काढले. तेच नाव, तीच हमी, तोच कोरा रकाना.

माझ्या लग्नापासून मी या क्षणाची वाट पाहत होतो. आला, तर आनंद काही होईना.

"बाबू," मी म्हणालो, "त्रुटी आहे."

त्यांनी चष्मा लावला. अर्ज जवळ घेतला. "हो. हाये," ते म्हणाले. मग फीचा आकडा सांगताना वाकत तसे माझ्या कानाशी वाकले आणि तितक्याच हळू म्हणाले, "नातं लिवलं का पुरावा जोडा लागते, सर. नियम माहाच हाये. माहापाशी कोनता पुरावा?"

वेळेत पूर्तता झाली नाही, या वाक्यावर आम्ही वर्षभर हसलो होतो, ते मला आठवलं. फार वाईट वाटलं. उघड्या खणात तुरटी पडली होती, निम्म्यानं झिजलेली, कडा गोल झालेल्या. मी ती उचलली आणि अर्जावर ठेवली.

"हा जोडला," मी म्हणालो.

त्यांनी खडा तळहातावर घेऊन तोलला. "आता पाव किलो नाई भरत जी," ते म्हणाले. "पुरते का?"

"पुरते, बाबू."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रकान्यात सावकाश लिहिलं : लेक. सवयीनं माझी नजर वेलांटी शोधायला गेली. त्या शब्दात ह्रस्वही नाही आणि दीर्घही नाही.