हार्परसाहेबांच्या गावची बियर

आखातातल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या फ्लॅटमध्ये महादेवने सहाही बाटल्या उजेडात धरल्या आणि त्याचं धाबंच दणाणलं. हार्परसाहेबांनी त्या खास अमेरिकेहून मागवल्या होत्या. त्यांच्या गावातल्या एका छोट्या भट्टीची बियर, पाहुण्यांसमोर मिरवायला. आणि प्रत्येक बाटलीच्या तळाशी गाळ!

"नजीबभाय, ही खराब झाली हा मा?" मालवणच्या या स्वयंपाक्याने साहेबांच्या ड्रायव्हरला विचारलं.

नजीब रत्नागिरीचा, आणि सर्वज्ञ. "गाळ म्हणजे खलास! ही प्यायले तर साहेब हॉस्पिटलात. मग मंगलावहिनींच्या व्हिसावर सही कोण करणार, मी?"

 लग्न झाल्यापासून महादेवला बायको मंगलाचा सहवास मिळे तो सुट्टीपुरताच. साहेब उद्या सही करणार होते. तोवर ते धडधाकट राहायलाच हवेत. त्याने पहिली बाटली मोरीवर उघडली आणि थबकला. वास ओळखीचा होता. गावी आई आंबोळ्यांचं पीठ फुगावं म्हणून त्यात माडाची ताजी माडी घालायची, अगदी त्या माडीचाच. इथे जानेवारीच्या गारठ्यात त्याचं पीठ फुगायचं नाव घेत नव्हतं.

"तव्यार गेल्यार कोणाक काय बाधतला?" म्हणत त्याने ती बाटली पिठात रिकामी केली. बाकीच्या मोरीत. मग बाटल्या धुऊन त्यांत फ्रिजमधली डब्याची बियर भरली.

संध्याकाळी साहेबांनी ग्लास उंचावून प्रवचन झोडलं. "डब्यातली बियर म्हणजे पाणी. ही घ्या, हिच्यात माती आहे, माणसं आहेत!" पाहुण्यांनी डोळे मिटून घोट घेतले. एकाला संत्र्याची साल लागली, दुसऱ्याला देवदाराचं जंगल. दाराआड महादेव घामाघूम झाला होता.

मग कोंबडीच्या रश्श्याबरोबर आंबोळ्या आल्या.  पहिल्याच घासाला साहेबांचे डोळे भरून आले.

"महादेव! हा तर आमच्या गावचा वास. हे कुठे शिकलास?"

आता नोकरी गेली, हे महादेवला स्वच्छ दिसलं. घाबरून तोंडातून निघेल ते निघालं. "माय वाइफ मेक मोअर गुड, सर!"

"मग तिला अजून आणलं का नाहीस?" साहेबांनी व्हिसाचा कागद मागवला आणि जेवणाच्या टेबलावरच सही ठोकली. वर भट्टीवाल्याला आणखी बाटल्या पाठवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नजीब रजेवर निघाला. "वहिनींना येताना काय आणायला सांगू?"

"उकडे तांदूळ आणूक सांग," महादेव म्हणाला. "माडीची काळजी करू नको म्हण. ती अमेरिकेसून येता."