सुरमईचे कल्ले

मितेशने मुंबईहून वडिलांना टॅब पाठवला आणि रावजींनी त्यावर सगळ्यात आधी सुरमई पाहिली. मासळीला बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं काढल्यामुळे मासळीच्या बाबतीत सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा. दर शुक्रवारी मासेवाली गुणवंती मिरकरवाडा बंदरातून निघताना सोसायटीच्या ग्रुपवर कल्ला उघडलेल्या सुरमईचा फोटो टाकी. रावजी तो बायकोच्या, मैनाबाईंच्या फोनवर बघून 'ताजी' असं लिहीत, मग लोक पिशव्या घेऊन फाटकाशी उतरत.

"मैना, आजच्या सुरमईचे कल्ले बघ. पार विटकरी!"

"माझ्या फोनात तर लालभडक आहेत."

"तुझा फोन केवढासा! हा दहा इंची आहे," असं म्हणून रावजींनी लिहून टाकलं, 'कल्ले फिके. मासा शिळा. घेऊ नये.'

झालं! ग्रुपवर जुंपली. कुणाला कल्ले लाल दिसत होते, कुणाला चॉकलेटी. सखूताईंच्या स्क्रीनला तडा गेलेला, त्यांना एकाच्या दोन सुरमया दिसत होत्या.

गुणवंती पाटी घेऊन आली, तर फाटकाशी चिटपाखरू नाही.

"काय ओ, सगल्यांचा उपास हाय काय आज?"

हाक ऐकून रावजी टॅबसकट खाली आले, मागोमाग मैनाबाई. कारण कळल्यावर मात्र गुणवंती कडाडली. "शिली? पाटेला लिलावात घेतलेली सुरमय शिली? कोणी लिवलान ह्या? सात नग हायत. आता नाय गेले तर ह्या उन्हात खरंच शिले व्हतील!"

मोबाईलच्या दुकानात काम करणारी शेजारची नेत्रा मध्ये पडली. "काका, तुमचा टॅब एलसीडी. त्याला मागून उजेड असतो, रंग फिके दिसतात. काकूंचा फोन अ‍ॅमोलेड. त्यात ठिपका न् ठिपका स्वतः पेटतो, रंग गडद."

"मग खरा रंग कुठला?"

"ते सेटिंगवर आहे, काका."

रावजींनी पाच घरांतले फोन आणवले आणि कठड्यावर ओळीने मांडले. सुरमई एक, रंग पाच. पाटीतला बर्फ वितळून गुणवंतीच्या मानेवरून ओघळू लागला.

"ओ भाऊ, मासा हय हाय!" तिने पाटी उतरवली आणि सुरमईचा कल्ला बोटाने उचलला. लाल म्हणजे लाल. रावजींनी टॅब शेजारी धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फोटोतल्या सुरमईची शेपटी फाटकी आहे. हिची नाही."

"नसणारच. ती तुमीच शिमग्यात खाल्लीत."

"म्हणजे?"

"तवापास्ना त्योच फोटू टाकतंय. मासलीच्या हातान दर खेपेला मोबाईल कोण धरील? आज सुरमय हाय, येवडा कलला म्हंजे झाला."

"आणि नऊ महिने तुम्ही त्याच सुरमईला 'ताजी' म्हणताय!" मैनाबाईंना हसू आवरेना.

रावजी ओशाळले. वीस वर्षं ते गुणवंतीकडचा मासा खात होते आणि एकदाही तो वाईट निघाला नव्हता. त्यांनी पाटीतली सगळ्यात मोठी सुरमई पिशवीत टाकली आणि तिथेच उभं राहून लिहिलं,

'फोटो शिळा. मासा ताजा. ताबडतोब खाली या.'