पांढऱ्या धोतराचा उजेड

आमच्या डोंगरकडा गावात कुणाच्याही भिंतीवरच्या फोटोची काच मळकी नसते. याचं श्रेय घरच्यांना नाही, दिगूमामांना आहे. मामा नुसता निरोप द्यायला आले तरी चपला काढून आधी भिंतीकडे जातात. "काच पुसून घेतो जरा," म्हणतात आणि फोटो खिळ्यावरून उतरवून दारातल्या उजेडात नेतात. सदऱ्याच्या टोकानं पुसतात, बराच वेळ निरखतात, मग परत लावतात. एकदा एका घरी सोयरिकीची बोलणी चालू होती. पाहुण्यांना वाटलं, हे घरातलं कुणी वडीलधारं माणूस असेल. पुसणं होईपर्यंत सगळे हात जोडून गप्प बसले.

मामा फोटोग्राफर. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत, त्यामुळे त्यांचं सगळं शास्त्र मला फुकट ऐकायला मिळालं. भर दुपारी गिऱ्हाईक आलं की मामा त्याला परत पाठवत. "आत्ता न्हाई. डोक्यावरच्या उन्हात डोळ्याच्या जागी खड्डे येतेत. उन्हं कलल्यावर ये." यातून नवरदेवालाही सूट नव्हती. "हसा" असं ते कधीच म्हणत नसत. "सकाळी कोणती भाजी केली व्हती?" असं विचारत आणि माणूस आठवायला लागला की बटण दाबत. म्हणून आमच्या गावातली माणसं फोटोत जरा विचारी दिसतात.

लहान लेकराचा फोटो असला की मामा जमिनीवर पालथे पडत. "उभ्यानं काढला तर लेकराचं नुसतं कपाळच येतं. त्याच्या डोळ्याइतकं खाली यावं." हाच नियम जनावरालाही. एका मेंढपाळाला विकायच्या बोकडाचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा होता. मामा लेंड्यांत गुडघे टेकून बसले आणि बोकडानं तोंड उजेडाकडे वळवेपर्यंत उठले नाहीत. सिद्धेश्वरच्या धरणावर तर ते अनोळखी पोरांचे मोबाइल हातातून काढून घेतात. "काहून झूम करून राहिला? पाय हायेत न्हवं? पुढं जा. अन् आधी काच पूस!" पोरं बिचारी मोबाइल परत मिळेपर्यंत जीव मुठीत धरून उभी असतात.

पण हे सगळं शास्त्र उभं होतं ते मामींच्या जिवावर. मामांच्या वडिलांचं एक पांढरंशुभ्र धोतर होतं. गिऱ्हाइकाला दाराच्या आत सावलीत बसवायचं आणि मामींनी बाहेर उन्हात ते धोतर दोन्ही हातांनी ताणून धरायचं. धोतरावरचं ऊन माणसाच्या तोंडावर मऊ होऊन पडायचं आणि डोळ्यात बारीकसा पांढरा ठिपका उमटायचा. "डोळ्यात उजेड न्हाई तर माणूस जित्ता वाटत न्हाई," हे मामांचं ठरलेलं वाक्य. म्हणून ते बजावत, "माझ्याकडं बघू नका. धोतराकडं बघा." सगळं गाव मामींकडे बघत फोटो काढून घेई. मामा मात्र एक डोळा मिटून गावाकडे बघत.

मामींच्या फोटोचा विषय दरवेळी निघायचा. "मंग धोतर कोण धरंल?" असं त्या म्हणत आणि ते राहून जाई. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो मिळेना, तोही फोटोग्राफरच्या घरात. ओळखपत्रावरचा एक होता. मामांनी तो बघून मान हलवली. "नाव तिचं हाय. नजर न्हाई." एका लग्नाच्या फोटोत मामी सापडल्या, पण पाठमोऱ्या. शेवटी पाटावर त्या धोतराची घडी ठेवली आणि तिलाच हार घातला. त्या दिवशी मला मामांकडे बघवलं नाही.

काचा पुसणं त्यानंतर सुरू झालं. लोक म्हणाले, दुःखानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटायचं.

परवा मामा आमच्या घरी आले. आमच्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे, मामांनीच काढलेला, चांगला परातीएवढा. आई धडधाकट आहे, रोज शेरडं राखते आणि "जित्या माणसाला भिंतीला टांगलं," म्हणून माझ्यावर अजून धुसफुसते. मामांनी फोटो उतरवला, दारात नेला, पुसला. मग खिशातून भिंग काढून काचेवर धरलं.

"मामा, झालं असेल तर चहा घ्या," मी म्हणालो.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आक्काच्या डोळ्यात बघ."

आईच्या डोळ्यात पांढरा चौकोन होता. त्याच्या वरच्या काठाला एक काळा ठिपका होता, मोहरीहून बारीक.

"ते डोकं हाय तिचं," मामा म्हणाले. "समद्या गावाच्या डोळ्यात हाय ती. कुठं पुसट, कुठं बराबर. हितं सगळ्यात चांगली हाय. पण तोंड काही दिसत न्हाई."

आई ओसरीवर शेरडांसाठी पाला निवडत बसली होती. मामा तिच्याकडे वळले.

"आक्का, तवा तुमी तिच्याकडंच बघून राहिल्या व्हत्या. मी आपला कॅमेऱ्यात डोळा घालून. काय व्हतं वो तिच्या तोंडावर?"

आईनं हातातला पाला खाली ठेवला.

"मी बघून राहिले व्हते तिच्याकडं," आई म्हणाली. "पण तिचं माझ्याकडं ध्यान कुठं व्हतं, दिगू? ती धोतरावरून तुझ्याकडंच बघून राहिली व्हती. अन् हसून राहिली व्हती."

मामांनी फोटो परत खिळ्याला लावला. काच स्वच्छ होती. तरी सदऱ्याचं टोक हातात धरून ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.