चावी आणि शेंगदाण्याची चटणी

लातुरातली कुठलीही गाडी चोरीला जाईल, पण आमची जाणार नाही! ही बढाई नाही, हे विज्ञान आहे. आयुष्यभर मी शाळेत तेच शिकवलं. निवृत्त झालो तरी संध्याकाळी गल्लीतली मुलं ओट्यावर जमवून शिकवतोच.

आमच्या मुलानं, यासेरनं, नवी गाडी घेतली. तिची चावी फक्त खिशात ठेवायची. दाराच्या मुठीवरचं बटण दाबलं, की गाडी खिशातली चावी ओळखते आणि म्हशीनं कान पसरावेत तसे दोन्ही आरसे पसरून उघडते. मला फार कौतुक वाटलं. मग वाचनात आलं, की अशा गाड्या चोर काच न फोडता नेतात. चावी सतत बारीक हाक देत असते. एक चोर घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, ती हाक पकडतो आणि गाडीजवळच्या जोडीदाराकडे पोचवतो. गाडीला वाटतं, मालक आला! ती बिचारी दार उघडते.

आणि आमची चावी कुठे? दाराशेजारच्या खिळ्याला!

हा खिळा म्हणजे आमच्या घरचा कायदा. भूकंपाच्या पहाटे अंधारात दाराची किल्ली सापडेना, तेव्हा वहिदानं, म्हणजे आमच्या बेगमनं, शपथ घेतली. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक किल्ली त्याच खिळ्याला. धरणी हलली की किल्ली घ्यायची आणि पळायचं.

"वहिदा, ही एक चावी खिळ्यावरून काढावी लागेल," मी म्हणालो.

"का जी? गाडीला भूकंप लागत न्हाई का?"

मी तिला लहरी समजावून सांगितल्या. ती पोळ्या लाटत राहिली. मग मी ओट्यावर मुलांना समजावलं. "धातूच्या बंद डब्यातून लहरी बाहेर पडत नाहीत. बघा!" माझा मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि शेजारच्या किशनरावांना फोन लावायला सांगितलं.

डबा जोरात वाजला. मुलं हसून लोळली.

"सर, लहरी तर नाचत बाहेर आल्या!" सबिहा म्हणाली. ही सहावीतली मुलगी एक दिवस मला शाळेत घालणार आहे.

"फट राहिली," मी शांतपणे म्हणालो. शिक्षकानं चिडू नये. स्वयंपाकघरातून चकचकीत फॉइल आणली, मोबाईल चांगला गुंडाळला, पुन्हा डब्यात ठेवला. किशनरावांनी फोन लावला. डबा गप्प! मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच जोशात मी गाडीची चावी फॉइलमध्ये गुंडाळली, छोट्या डबीत घातली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून दिली. चोराचा बाप आला तरी हाक ऐकू जाणार नाही!

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत माणसं कमी आणि कोचिंगची पोरं जास्त. मेडिकलची तयारी करणारी अर्धी गल्ली वहिदाचे डबे खाते. डब्यात भाजी, पोळ्या आणि फॉइलमध्ये गुंडाळून छोट्या डबीत शेंगदाण्याची चटणी.

तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही.

आमच्या माडीवर मुरुडची पुनम भाड्यानं राहते. तिची मेडिकलची प्रवेश परीक्षा होती आणि केंद्र आलं नांदेडला. तिचे वडील, दगडोबा, आदल्या दिवशीच येऊन ठेपले. ते म्हणाले, "मास्तर, आम्ही पहाटंच्या एसटीनं जातो."

"एसटी कशाला? घरची गाडी आहे! यासेर नेईल. निवांत पोचाल."

"नक्की ना?"

"दगडोबा, सूर्य एक वेळ उशिरा उगवेल!"

सूर्य वेळेवर उगवला. एसटी वेळेवर गेली. यासेर आवरून आला, "अब्बा, चावी द्या." गल्लीतली मुलं पुनमला शुभेच्छा द्यायला जमली होती. अशी संधी शिक्षक सोडतो का? मी फळीवरची डबी आणून वर धरली. "मुलांनो, हीच ती चावी, जिची हाक कुणी ऐकली नाही!" झाकण काढलं. फॉइल उलगडली.

आत चटणी.

"अब्बा, हिच्यावर गाडी चालत न्हाई," यासेर म्हणाला.

"वहिदा!" मी ओरडलो. "फळीवर अजून एक डबी होती ना?"

"ती तर डब्यात गेली की! आज पोरांची परीक्षा, म्हणून पहाटंच समदे डबे भरून दिले."

"दुसरी चावी?"

"रुखसारच्या पर्समध्ये," यासेर म्हणाला. रुखसार म्हणजे आमची सून. ती माहेरी गेली होती. नांदेडला!

दगडोबांचा चेहरा सुकलेल्या भेंडीसारखा झाला. जीपवाल्याला फोन केला, तर परीक्षेमुळे गावात एक चाक मोकळं नव्हतं. पुनम आपला डबा मांडीवर ठेवून, पुस्तक छातीशी धरून पायरीवर बसली. दोन वर्षं या मुलीनं सण बघितला नव्हता. पण शिक्षकानं घाबरूनही चालत नाही. मी फर्मान सोडलं, "मुलांनो, पळा! प्रत्येक खोलीत सांगा, चटणी कुणी उघडायची नाही, डबा घेऊन इकडे या! आणि पुनमला कुणीही काही विचारायचं नाही. तिचं मन शांत राहिलं पाहिजे!"

मुलं पळाली. निरोप गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत चटणीत पाल पडली होती. पलीकडच्या गल्लीत ती पाल विषारी झाली! अर्धी पोरं डबे घेऊन आली, उरलेली पोट धरून आली.

"चाची, मी दोन घास खाल्लेत! मी परीक्षेपर्यंत जगतो का?"

"जगतोस रे मुडद्या! माझ्या चटणीला नाव ठेवतोस?" वहिदानं लाटणं उगारलं, तसं त्याचं पोट तिथंच बरं झालं.

किशनराव बनियनवर धावत आले. "नजीरभाई, समदी गल्ली रस्त्यावर? धरणी हलली का?"

"नाही, चावी हलली." मी मुलांना गाडीजवळ रांगेत उभं केलं. "एकेकानं गाडीशेजारी फॉइल उघडायची. यासेर मुठीवरचं बटण दाबत राहील. चावी मोकळी झाली की गाडीच सांगेल!"

सबिहानं हात वर केला. "सर, फॉइल उघडल्यावर चावी डोळ्यालाच दिसंल की. गाडीला कशाला विचारायचं?"

"प्रश्न चांगला आहे," मी म्हणालो. "पुढचा डबा!"

चटणी. चटणी. चटणी. गल्लीभर शेंगदाण्याचा घमघमाट सुटला आणि गाडी ढिम्म. दगडोबा माझ्याजवळ आले. "मास्तर, चोर बरा हो. त्यानं निदान गाडी चालू तरी केली असती!"

मी विज्ञानाच्या नावानं पुढचा डबा मागवला.

डबे संपले. तेव्हा पुनम हळूच उठून माझ्यापाशी आली. मांडीवरचा डबा आता तिच्या हातात होता. "सर, सकाळपासनं काही खाल्लं न्हाई. एक घास खाऊ का?"

"खा बाळ," मी खचून म्हणालो. "खाऊन घे."

तिनं गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवला, डबीचं झाकण काढलं, फॉइलचं टोक सोडलं. यासेरचं बोट सवयीनं बटण दाबतच होतं...

टीं-टीं! गाडीनं दोन्ही कान पसरले!

असा ओरडा आमच्या गल्लीनं कधी ऐकला नसेल. दगडोबांनी मला मिठी मारली, किशनरावांनी यासेरला, आणि पोट धरलेला मुलगा वहिदाला मिठी मारणार होता, पण लाटणं बघून थांबला. क्षणात गाडी धुरळा उडवत निघाली.

"बघितलंत?" मी मुलांना म्हणालो. "चावी इतका वेळ गाडीपासून चार पावलांवर होती, तरी गाडीला पत्ता नाही! चोराला काय पत्ता लागणार?"

"आपल्याला तरी कुठं लागला?" सबिहा म्हणाली.

पुनम वेळेत पोचली. गेट बंद होण्याआधी आत गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. "सर, धातूच्या बंद डब्यात लहरी शिरत न्हाईत, त्यावर प्रश्न होता! मी डोळे मिटून उत्तर दिलं!"

मी फोन सगळ्या गल्लीला ऐकवला. माझ्या आयुष्यात इतका मोठा धडा मी इतक्या नीट शिकवला नव्हता.

"आणि सर, चाचीला सांगा, आज पोळी चटणीबिगरच खाल्ली."

आता आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला एक डबी लटकते. तिच्यावर मी ठळक अक्षरात 'गाडीची चावी' असं लिहिलं आहे. आत चटणी असते. चोर फसावा म्हणून! खरी चावी कुठे असते, ते मात्र चोराप्रमाणेच मलाही ठाऊक नाही. वहिदा सांगत नाही.