म्युझियमातलं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं तर लवू परबांनीच! करी रोडच्या त्यांच्या चाळीत एकही लग्न, एकही सत्यनारायण त्यांच्या गाऱ्हाण्याशिवाय झाला नव्हता. देवापुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि घरातलं सगळं खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालायचं. एकेक वाक्य संपलं की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही कोकणातली रीत. गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून लवूंचा गळा असा तयार झाला होता की त्यांनी तळमजल्यावर खाकरलं तरी वरच्या मजल्यावरचं मांजर दुधाचं पातेलं सोडून पळायचं. आपल्या मुलाच्या, राहुलच्या लग्नात असं गाऱ्हाणं घालीन की मांडवाचे खांबसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणतील, असं ते भेटेल त्याला सांगत.

राहुलचं जमलं ते फणसवाडीच्या तळपद्यांच्या जुईशी. दोघं एकाच ऑफिसात. तळपदे म्हणजे मुंबईतलं जुनं घराणं. जुईचे वडील शरदचंद्र निवृत्त प्राध्यापक. बोलताना ते प्रत्येक शब्द आधी रुमालाने पुसून मगच बाहेर काढतात, असं लवूंना पहिल्याच फोनवर वाटलं.

सगळं छान होतं, फक्त एक भानगड होती. परब करी रोडला टॉवरमध्ये राहतात, असं तळपद्यांना सांगून झालं होतं. चाळ पाडली तेव्हा टॉवर मिळणार होता, हे खरं. पण टॉवरच्या जागी अजून खड्डाच होता आणि परब वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात दिवस काढत होते. राहुलने हे जुईला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. तिच्या आईवडिलांना सांगायचा धीर मात्र दोघांनाही झाला नव्हता. म्हाताऱ्यांना कळलं तर लग्न मोडलंच म्हणून समजा.

तळपद्यांनी घर बघायला यायचं काढलं, तेव्हा राहुलने घाईघाईने त्या नसलेल्या टॉवरची लिफ्ट फोनवरच बंद पाडली. त्यावर शरदचंद्र म्हणाले, हरकत नाही, आपण म्युझियममध्ये भेटू. ते दर रविवारी म्युझियममध्ये जायचे. त्यांच्या आजोबांची चांदीची पानदानी तिथे काचेच्या कपाटात ठेवलेली होती.

निघताना सुभद्राबाईंनी नवऱ्याला बजावलं, "अवो, थंय तोंड उघडूचा नाय. घराबद्दल कोणी विचारल्यान तर खोकूक लागा."

"मी काय पोर आसंय?" लवू म्हणाले. "माणसांपासून गुपित कसा राखूचा ता माका कळता."

आणि खरोखर त्यांनी राखलं! पहिल्या दालनात जुईच्या आईने, सुनंदाबाईंनी विचारलं की टॉवरवरून समुद्र दिसतो का. लवू असे खोकले की एका गोऱ्या पाहुण्याने आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. दुसऱ्या दालनात पार्किंगचा विषय निघाला, तेव्हाही खोकले. शरदचंद्रांनी काळजीने सांगितलं की उंचावर राहणाऱ्यांना वारा बाधतो.

पानदानीपुढे शरदचंद्र बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "परबसाहेब, माणूस इथून थोडा तरी शहाणा होऊन बाहेर पडतो. वस्तू खोटं बोलत नाहीत."

लवूंनी मान डोलावली. मनात त्यांना पानदानीची दया आली. एवढी चांदीची, आणि आत सुपारीचं खांड नाही! पण ते गप्प राहिले. सुभद्राबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता फक्त मूर्तींचं दालन उरलं होतं, आणि दगडाच्या मूर्ती काही टॉवरची चौकशी करणार नव्हत्या.

त्याच दालनात घात झाला. कोपऱ्यात, दोरीच्या पलीकडे, हातात तलवार घेतलेला काळा कुळकुळीत देव उभा होता. खालच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'रवळनाथ' असं लिहिलं होतं. लवूंच्या गावचा देव! त्याखालची बारीक अक्षरं वाचायच्या आत लवूंचे डोळे भरून आले. गावाला ज्याच्यापुढे ढोल वाजतात, तो इथे ट्यूबलाइटखाली एकटा उभा. ना फूल, ना दिवा, ना कोणी दोन शब्द बोलणारं.

त्यांचे हात जोडले गेले. चपला कधी काढल्या, त्यांना कळलं नाही. सुभद्राबाईंना कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

दालनाच्या काचा थरथरल्या. पहारेकरी धावत आला. त्याचं नाव वसंत, आणि तो कुडाळचा निघाला. 'आवाज करू नका' असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा!"

मागे परळचं एक ज्येष्ठ नागरिक मंडळ सहलीला आलं होतं. त्यात निम्मे मालवणचे. ते चपला काढून रांगेत उभे राहिले.

एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत, देवाचा अपमान होतो. आणि देवापुढे खोटं बोलत नाहीत, नाहीतर मागणं उलटतं. या दोन्ही गोष्टी सुभद्राबाईंना ठाऊक होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आज तुझो लवू परब तुझ्या पायाकडे उभो आसा. तेच्या झिलाचा लगीन जमता आसा. ता सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी टावरात रवतव म्हणान सांगलव. टावर खंय आसा? थंय खड्डो आसा, आणि खड्ड्यात बेडूक! आमी रवतव वडाळ्याच्या शिबिरात. ह्या फणसवाडीकरांका कळाक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं दालन गरजलं. राहुल मान खाली घालून उभा होता, पण लहानपणापासूनच्या सवयीने त्याच्याही तोंडून तेच गेलं. सुभद्राबाईंच्याही.

"व्याही माणूस बरो आसा, पण मान लोखंडाची. ती वायच वाकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज जुईचा होता. तिच्या आईने तिच्याकडे असं पाहिलं की लोखंडाची मान घराण्यात एकच नव्हती, हे सगळ्यांना कळलं.

गाऱ्हाणं संपलं. लवूंनी डोळे पुसले आणि ते मागे वळले. सुभद्राबाई दालनातल्या एखाद्या मूर्तीसारख्या उभ्या होत्या. आपण काय केलं, हे लवूंना त्या चेहऱ्याकडे बघून हळूहळू कळायला लागलं. गिरणी बंद झाली त्या दिवशीसुद्धा चपला अशा उलटसुलट घातल्या गेल्या नव्हत्या. एकुलत्या एका मुलाचं लग्न त्यांनी स्वतःच्या तोंडाने मोडलं होतं, आणि तेही परळकरांच्या साथीने!

शरदचंद्र पुढे आले. लवूंना वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाटीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"परबसाहेब, ही प्रतिकृती आहे. प्लास्टरची. मूळ मूर्ती डागडुजीसाठी आत ठेवली आहे."

एवढं बोलून ते मुलीला आणि पत्नीला घेऊन निघून गेले.

परब घरी निघाले. लवूंच्या डोक्यात एकच भुंगा होता. गुपित फुटलं ते फुटलं, पण देवाला तरी ऐकू गेलं का? की सगळं नुसतं प्लास्टरने ऐकलं?

बरेच दिवस फणसवाडीहून फोन आला नाही. राहुल जेवेनासा झाला. सुभद्राबाई भाकरी थापताना एवढ्या जोरात थापत की शेजारचे, कोणीतरी दार ठोठावतंय असं समजून, दार उघडत. लवू दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. शिबिरात कोणाकडे पूजा असली तर त्यांना बोलावणं येई, पण घसा बसलाय असं सांगून ते जात नसत.

शेवटी फोन आला. जुईने घरात अन्न सोडलं होतं म्हणे. लग्नाला तळपद्यांची हरकत नव्हती, पण अट होती. लग्न रजिस्टर होईल, मोजक्या माणसांत. मांडव नाही, माईक नाही, आणि परबसाहेब काही बोलणार नाहीत.

मुलगा हसला म्हणून लवूही हसले. मग मोरीत जाऊन त्यांनी नळ मोठा सोडला.

लग्नाच्या दिवशी विवाह नोंदणी कार्यालयात ते कोपऱ्यात उभे राहिले. सुभद्राबाईंनी खबरदारी म्हणून त्यांच्या तोंडात लवंग दिली होती. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी एकसुरी आवाजात शपथ वाचली. दोघांनी सह्या केल्या. ना नारळ, ना देव. सगळं अगदी शांत. त्या शांततेत लवूंच्या घशापर्यंत आलेलं गाऱ्हाणं त्यांनी लवंगेसकट गिळलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उभयतांना सुखाचं आयुष्य लाभो," साहेब फाइल मिटत म्हणाले.

"होय महाराजा," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी लवूंकडे पाहिलं. सुभद्राबाईंनी तर चिमटासुद्धा काढला. पण लवूंचं तोंड मिटलेलं होतं. पलीकडे शरदचंद्र तळपदे रुमालाने चष्मा पुसत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

लवूंनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. पण मनातून ते पार खचले होते. जन्मभर राखून ठेवलेलं गाऱ्हाणं पोटातच राहिलं, आणि मुलाच्या लग्नात 'व्हय म्हाराजा' म्हटलं ते व्याह्याने! तेसुद्धा इतक्या शुद्ध उच्चारात की रवळनाथाला काही कळलं असेल, असं वाटत नाही.