थंडी आला

दरवर्षी ऑगस्टचा शेवटचा रविवार. लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डमध्ये लोक हाफ पँटीत बार्बेक्यू करत असतात आणि शेजारच्या कुंपणावरून आमचे भानुदास शिरोळे ओरडतात, "बाई, थंडी आला!"

थंडी. आला. मी इथे गेली अकरा वर्षं दर शनिवारी मराठीचा वर्ग घेते. इथं जन्मलेली पोरं 'माझा आई' म्हणतात, ते मी समजू शकते. पण हा माणूस साताऱ्यात दहावीपर्यंत शिकलेला! "अहो शिरोळे, आली! थंडी आली!" मी ओरडते. "तेच म्हणतोय मी. आला," म्हणत ते कामाला लागतात. माझं डोकंच फिरतं. हा 'आला' कुठून आला, ते मला यंदा कळलं.

शिरोळे लॉरी चालवतात. साधी नव्हे, फ्लॅटबेड. म्हणजे मागे नुसता उघडा पाट. भिंती नाहीत, छप्पर नाही. त्यावर लोखंडी तुळया, लाकूड, काय वाट्टेल ते रचायचं, पट्ट्यांनी आवळायचं, वर ताडपत्री घालायची आणि स्कॉटलंडपर्यंत न्यायचं. त्यामुळे त्यांच्या जगात दोनच प्रकार, बांधलेलं आणि सुटं. आपण भेटल्यावर 'जेवलात का' विचारतो, ते विचारतात, "बांधलं का?" गाडीत नवा टीव्ही असो नाहीतर मेथीच्या जुड्या. वर पुन्हा, "हललं की गेलं, बाई."

एकदा विसर्जनाला निघताना शिरोळ्यांनी मंडळाच्या बाप्पाला आमच्या गाडीत चार पट्टे लावून आवळलं. बाप्पा तसूभर हलला नाही. पण नदीवर पोचल्यावर सुटेचना, पट्ट्याची कळ सोंडेमागे अडकलेली. शेवटची आरती कार पार्कात, गाडीचं मागचं दार उघडून झाली. लोक शिव्या घालायच्या बेतात, आणि शिरोळे टाळ्या वाजवत प्रत्येकाला विचारतायत, "पण हलला का? नाही ना?"

थंडीची तयारी म्हणजे तर विचारू नका. भिजलेला पट्टा गोठला की काठीसारखा ताठ होतो, म्हणून ओले पट्टे रोज घरी येतात. जिन्याचा कठडा, रेडिएटर, न्हाणीघराचं दार, जिकडे तिकडे नारिंगी पट्टे वाळत. ताडपत्री मागच्या लॉनवर पसरून शिरोळे स्वतः खाली शिरतात आणि उजेडाकडे बघत भोकं शोधतात. हलणारी ताडपत्री बघून पलीकडच्या गोऱ्या आजींनी मला फोन केला, खाली कुणी मरतंय का म्हणून. मी म्हटलं, नाही हो, हिवाळ्याची तयारी चाललीय.

गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं, दाराची रबरं गोठू नयेत म्हणून सिलिकॉन लाव. शिरोळ्यांनी साजूक तूप लावलं. "टाचेच्या भेगांना चालतं, रबराला काय धाड भरलीय?" पहिला प्रयोग स्वतःच्या गाडीवर. सकाळी बघते तर दोन कोल्हे अगदी मन लावून दार चाटतायत! आठवडाभर रोज हजर. शिरोळे म्हणाले, "तूप अस्सल होतं म्हणायचं."

त्यांच्या कंपनीत दुसरीही लॉरी आहे, पडदेवाली. वर छप्पर, बाजूला पडदे, माल आत, ड्रायव्हरला वर चढायची गरज नाही. तिचं नाव काढलं की शिरोळे पेटतात. "पडदे? लॉरी चालवायची का बाळंतीण निजवायची?"

आणि याच फेब्रुवारीत ते आपल्या लॉरीच्या बर्फाळ पाटावरून घसरून पडले. मनगट मोडलं. मुलगी प्राची एडिनबराला नर्स आहे, तीही हाडांच्या वॉर्डात. ती आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून हे दोघंच एकमेकांना. ती धावत आली, दोन आठवडे राहिली, आणि जाताना दारात, माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, दिवसभर मी पडलेले लोक उचलते. तुला नाही उचलणार. पडदेवाला लॉरी घे. नाहीतर मला थंडीचं सांगू नको. आय मीन इट."

"हट्!" शिरोळे म्हणाले. झालं. तेव्हापासून फोन बंद.

यंदा ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, कुंपणावरून हाक नाही. पट्टे वाळत होते, ताडपत्री हलत होती, माणूस मात्र गप्प. खरं सांगते, मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. ऑक्टोबरात एका रविवारी गवतावर पहिलं दव गोठलं आणि दहाच्या सुमारास शिरोळे कानटोपी घालून माझ्या स्वयंपाकघरात हजर. फोन पुढे केला.

"बाई, प्राचीला मेसेज लिहायचाय. शुद्ध पाहिजे. या वेळी चूक नको. लिहा, चिरंजीव प्राचीस अनेक उत्तम आशीर्वाद. मी सोमवारपासून..." घसा खाकरला. "पडदेवाल्या लॉरीवर जात आहे. कंपनीला कळवले आहे."

मी म्हटलं, "अहो, आणि बाळंतीण?"

"निजवतो आता," ते म्हणाले.

लिहिता लिहिता माझी नजर वरच्या जुन्या मेसेजांवर गेली. गेल्या वर्षी यांचा, 'थंडी आला.' खाली तिचा, 'आला.' त्याच्या आदल्या वर्षी तेच. त्याच्याही आदल्या वर्षी तेच.

"चार वर्षांची होती," शिरोळे खुर्चीकडे बघत म्हणाले. "आम्ही तिघं गाडीतून निघालेलो. काचेवर बर्फ बघून ओरडली, बाबा, थंडी आला! कुणी पाहुणाच आल्यासारखा. तिची आई हसून हसून बेजार. पुढं शाळेत गेली आणि मराठी सुटत गेलं तिचं. हे एवढं राहिलं. ते दुरुस्त करायचा धीर नाही झाला, बाई."

अकरा वर्षं मी या माणसाला कुंपणावरून सुधारत होते! मी चिरंजीव पुसलं, उत्तम आशीर्वाद पुसले, आणि माझ्याच अंगठ्यानं लिहिलं, 'थंडी आला. मी पडदेवाला लॉरी घेतला.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मी पाठवून दिलं.

चहा केला. तो प्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. साय धरल्यावर फोन वाजला.

'आला. हातमोजा घातली का?'

शिरोळ्यांनी कानटोपी काढली, तोंडावर दाबली आणि हमसून हमसून रडायला लागले. मी फोन हातात घेऊन उभी.

"घातली म्हणून लिहा," टोपीतून आवाज आला. "दोन्ही घातली."

मी तसंच लिहिलं.