गुदैबियातला जुना नवखा

एका सकाळी आमच्या शेजारच्या मेश्रामकाकांनी लिफ्टला नमस्कार केला, तोही स्पॅनिशमध्ये. “बुएनोस दियास,” म्हणत ते आत शिरले आणि माझ्याकडे वळून फार नम्रपणे म्हणाले, “सोय नुएवो आकी.” म्हणजे, मी इथे नवीन आहे. मी हबकलोच. काका मनामाच्या गुदैबिया भागात चोवीस वर्षं राहताहेत. बहरीनला आलो तेव्हा चांगली तूरडाळ कुठे मिळते इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं.

काका मूळचे नागपूरचे. हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. चोवीस वर्षांत अरबी शब्द शिकले ते चारच: ‘चला’ला यल्ला, ‘संपलं’ला खलास, ‘नाही’ला मफी आणि बाकी सगळ्याला इंशाल्ला. तेवढ्यावर त्यांनी निम्म्या मनामाच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या. असा माणूस साठीला टेकल्यावर स्पॅनिश शिकायला लागला आणि दिसेल त्याच्यावर ती वापरायला लागला. कोपऱ्यावरचा केरळी दुकानदार त्यांना वीस वर्षं ब्रेड विकतोय. त्यालाही त्यांनी ‘मी इथे नवीन आहे’ असं ऐकवून ब्रेड कुठे मिळेल ते विचारलं. तो घाबरून मला हळूच म्हणाला, “चाचा को डॉक्टर को दिखाओ.”

त्यांच्या घरात गेलो तर फ्रिजवर, दारावर, आरशावर, तव्यावरसुद्धा देवनागरीत लिहिलेले स्पॅनिश शब्द. फक्त बुद्धाच्या मूर्तीला चिठ्ठी नव्हती. “त्याइचं बोलणं साऱ्या भाषेत समजते,” असा खुलासा झाला. मग मला खुर्चीत बसवून सांगितलं, “तुमी तिथले. तुमाले इंग्लिश येत नाही अन् मराठी तर नाहीच नाही.” मी बसचा ड्रायव्हर झालो, एअरपोर्टवरचा साहेब झालो. दुकान बंद आहे म्हणणारा बेकरीवाला मात्र मी, पुण्याचा असल्यामुळे, न शिकवता वठवला. तिकडे स्पेनमध्ये दुकानं दुपारी बंद असतात हे कळल्यावर तर मला त्या देशाबद्दल आपुलकीच वाटायला लागली.

काकांची मुलगी स्पेनला शिकायला गेली आणि तिथेच राहिली, एवढं मला ठाऊक होतं. म्हातारा लेकीकडे फिरायला निघालाय, असं मी धरून चाललो होतो. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला एक कागद दिला. बरोबर लिहिलंय का, मोबाइलवर तपासून सांगा म्हणाले. जेवणाची ऑर्डर असेल म्हणून मी हसत हसत ती वाक्यं टाकली. स्क्रीनवर अर्थ आला: ‘माझं चुकलं. तुम्हाला न पाहताच मी लग्नाला नाही म्हणालो. मला तुमच्या घरी यायचं आहे.’

मी चाटच पडलो. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात ‘जात-धर्म-देश सगळं मोडून लग्नं करा,’ असं स्टेजवरून गरजणारा हा माणूस. पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

“स्टेजवर सोपं असते,” काका म्हणाले. “पोरीनं तिथल्या पोराशी लग्न ठरवल्याचं फोनवर सांगितलं तर मी म्हणालो, मले पोरगीच नाही.”

त्याला चार वर्षं झाली. मुलीने त्यांचा फोन घेणं बंद केलं. काकू नागपूरला असतात; त्यांच्याशी ती बोलते, वडिलांचं नाव काढत नाही. शेवटी काकूंनी जावयाचा नंबर दिला. तो सुतारकाम करतो, त्याला इंग्लिश येत नाही. “दर शुक्रवारी फोन उचलते बिचारा. काही काही सांगते. मले समजत नाही. मी थँक्यू म्हणतो अन् ठेवून देतो.”

मग सगळ्यांना ‘मी नवीन आहे’ कशाला सांगत सुटलात, मी विचारलं.

“जुन्या मेश्रामले ते पोरगी दारात उभं करन का?”

वाक्यं बरोबर आहेत, एवढंच मी सांगितलं. काकांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकून लावला. आठव्या मजल्यावर लिफ्टच्या पोकळीत लोंबकळून काम करणारा हा माणूस कागद दोन्ही हातांनी धरून बसला. जावयाने फोन उचलला. पहिलं वाक्य काका न बघता बोलले. दुसरं कागदात बघून बोलले. तिसरं अर्ध्यावरच अडलं. मग जावई तिथल्याच कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलला. मला वाटलं, आता फोन ठेवणार.

“बाबा, जेवले का?”

पोरीचा आवाज होता. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. चार वर्षांनी लेकीने मराठीत विचारलं आणि काकांना मराठी सुचेना. “सी,” ते म्हणाले, म्हणजे हो. “सी, सी.” सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.